शेऱ्याचा रकाना

बाईंना धाकट्या बहिणीचा हेवा वाटायचा, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. बहिणीचं नाव निघालं की बाई उठून काहीतरी आवरायला लागत. कपाट आवरलेलं असलं तर पुन्हा आवरत.

बहीण सात वर्षांनी लहान. तिला सगळे बेबी म्हणत. नातवंडं झाली तरी म्हणतच होते. हात धरून बेबीकडून पहिली अक्षरं बाईंनीच गिरवून घेतली होती. पुढे दोघी एकाच विद्यापीठात शिकल्या. बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्या आणि छत्तीस वर्षं शिक्षिकाच राहिल्या. बेबीने रक्त-लघवी तपासायची एक खोली काढली. त्या एका खोलीच्या बघता बघता अकरा प्रयोगशाळा झाल्या.

"लोकांच्या बाटल्यांवर मोठी झाली," बाई म्हणायच्या.

"तूही लोकांच्या पोरांवरच मोठी झालीस की," नवरा म्हणायचा. तो दिवसभर शब्दकोडी सोडवायचा आणि मधूनच असं काहीतरी टाकायचा.

पण बेबीकडे नाही असं एक बाईंकडे होतं. ते म्हणजे मुलगी.

विद्यापीठाला जुने विद्यार्थी दरवर्षी देणगी देत. त्यातून कुणाची फी भरली जाई, एखादा शिक्षक नेमला जाई, एखादा नवा उपक्रम उभा राही. निवृत्तीच्या वर्षी बाईंनी फॉर्मवर 'एका विद्यार्थ्याची वर्षाची फी' या चौकटीत खूण केली. देणगी विभागाने त्यांना एक मुलगी जोडून दिली. सूक्ष्मजीवशास्त्राचं पहिलं वर्ष. वडील मालगाडीवर गार्ड, आई घरी कपडे शिवणारी, मागे दोन भावंडं.

वर्ष संपताना प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या दात्याला आभाराचं पत्र लिहायचं, अशी तिथली पद्धत. मुलीचं पहिलं पत्र आलं तेव्हा बाईंनी ते दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि मग लाल पेन्सिल घेतली. अकरा चुका निघाल्या. त्या दुरुस्त करून, खाली 'पुन्हा लिहून पाठव' असं लिहून बाईंनी पत्र परत पाठवलं.

देणगी विभागातल्या कारकुनाचा घाबरून फोन आला. "बाई, आभाराचं पत्र परत आलंय. काही चुकलं का आमचं?"

"तुमचं नाही. तिचं. अकरा ठिकाणी."

मुलीने ते पुन्हा लिहून पाठवलं. दुसऱ्या वर्षी चार चुका झाल्या. तिसऱ्या वर्षी एकही नाही. बाईंनी ते पत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्यांना जरासं चुकल्याचुकल्यासारखंच झालं. पण शेजारणीला मात्र त्यांनी पत्र दाखवलं. "माझी मुलगी," म्हणाल्या, आणि शेजारीण गोंधळली तरी खुलासा केला नाही.

चौथ्या वर्षी बेबीचा फोन आला.

"ताई, मी पण देतेय गं यंदा विद्यापीठाला. तू इतकी वर्षं देतेस, मला लाजच वाटली."

"अगं मग दे की. कुणी अडवलंय?"

"पिण्याच्या पाण्यातल्या जंतूंवर तीन वर्षांचं काम काढतायत. यंत्रं, एक नवा शिक्षक आणि एक विद्यार्थी. सगळं मी देणार."

बाईंनी फोन ठेवला आणि कपाट उघडलं.

"आवरलेलं आहे ते," नवरा कोड्यातून मान वर न करता म्हणाला.

दरवर्षी विद्यापीठात दात्यांना चहाला बोलावत. लांबट दालन, भिंतीलगत खुर्च्या, कपांवर विद्यापीठाचं चिन्ह. यंदा बाई पोचल्या तेव्हा बेबी आधीच आलेली होती. विभागप्रमुख स्वतः तिच्या कपात साखर घालत होते. बाईंना इतक्या वर्षांत साखर स्वतःच घ्यावी लागली होती.

मुलगी लगबगीने बाईंकडे आली. वाकून म्हणाली, "बाई, प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" बाईंचं मन निवलं. तेवढ्यात दालनाच्या त्या टोकाकडून बेबीने हात हलवला आणि मुलगी हसून ओरडली, "आले, मावशी!"

बाईंच्या हातातला कप बशीवर वाजला.

चार वर्षांत ती त्यांना बाई म्हणाली होती. आदरणीय बाई, माननीय बाई, बाई. आणि इथे पाऊण तासात मावशी! बाईंनी बिस्किटाचा तुकडा तोडला, तो कपात पडला, विरघळला, तरी त्या बघतच राहिल्या. दालनाच्या टोकाला बेबी हाताने काहीतरी मोठं यंत्र दाखवत होती आणि मुलगी तोंडाचा आ करून ऐकत होती. पत्रातल्या चुका बघताना तिने असा आ कधी केला असेल का, असं बाईंच्या मनात आलं. मग स्वतःचाच राग आला आणि त्या चहा अर्धवट टाकून निघाल्या.

पंधरा दिवसांनी टपालाने फॉर्म आला. पाण्याच्या कामासाठी मुलीची निवड होत होती. आता तिचा सगळा खर्च बेबीच्या देणगीतून व्हायचा होता, म्हणून आधीच्या दात्याचं ना-हरकत पत्र लागत होतं. या नियमालाही कारण होतं. पूर्वी एका मुलाला सुवर्णपदक मिळालं आणि तीन दाते 'हा माझा' म्हणून एकाच वेळी मंचावर चढले. फोटोत मुलगा दिसलाच नाही. तेव्हापासून एका विद्यार्थ्याला एकच दाता, आणि दाता बदलायचा तर लेखी संमती.

बाईंनी फॉर्म सहा दिवस उशीखाली ठेवला.

"अंडी उबवतेयस का?" नवऱ्याने विचारलं.

सातव्या दिवशी त्यांनी सही केली. आपण मोठ्या मनाच्या आहोत असं त्यांना सही करताना वाटलं, आणि ते खरंही होतं, सहीपुरतं. पण सहीखाली एक रकाना होता: 'विद्यार्थ्याबद्दल शेरा, असल्यास'.

छत्तीस वर्षांत बाईंनी शेऱ्याचा रकाना रिकामा सोडला नव्हता. प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा समोर घेऊन बसायचं आणि लिहीत जायचं. वर्गातली निम्मी मुलं चंचल, उरलेली अबोल. त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. चंचल पोरं पुढे वकील झाली, अबोल पोरं विमा विकायला लागली. बाईंनी लिहिलं: 'हुशार. मेहनती. पण चंचल.'

हात सवयीने चालला, असं त्या पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिल्या. पण 'पण' लिहून झाल्यावर त्या क्षणभर थांबल्या होत्या. तेव्हा त्यांच्या कानात 'आले, मावशी' असं वाजत होतं. त्यानंतर त्यांनी पुढचा शब्द लिहिला होता.

आठवड्याने मुलगी घरी आली. चपला दारात नीट जोडून ठेवून आत आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि पिशवीतून वही काढली.

"बाई, माझी निवड थांबलीय."

"का गं?"

"सर म्हणाले, तीन वर्षांचं काम आहे, मधेच सोडून जाणारं कुणी नको. तुमचा शेरा दाखवला त्यांनी."

आत नवऱ्याच्या खुर्चीचा आवाज झाला आणि थांबला.

"मला राग नाही आला हं, बाई," मुलगी घाईने म्हणाली. "तुम्ही लिहिलंय म्हणजे असणारच. पत्रातल्या चुकासुद्धा मला आधी दिसायच्या नाहीत. तुम्ही खुणा केल्या की मग दिसायच्या. तसंच हे. फक्त कुठे चंचल आहे तेवढं सांगा. मी सुधारेन." तिने वहीचं पान उघडलं, वर तारीख घातली, खाली आकडा घातला, एक.

तेव्हाच सांगून टाकायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण समोर ती पेन धरून बसलेली, आणि छत्तीस वर्षांत बाईंनी कुठल्या मुलाला 'बाई चुकल्या' असं म्हटलं नव्हतं. त्या उदाहरण शोधायला लागल्या.

"म्हणजे बघ... तू आधी बुरशीवर काम करणार म्हणत होतीस ना? मग एकदम पाण्यावर गेलीस."

मुलीने मान वर केली, विचार केला आणि म्हणाली, "हो. खरंच की." आणि तिने ते लिहून घेतलं. सुवाच्य अक्षरात, एकही चूक न करता.

"अजून, बाई?"

"एवढंच. चहा घेतेस?"

ती गेल्यावर नवरा बाहेर आला. त्याच्या हातात कोडं नव्हतं.

"बुरशी," तो म्हणाला.

"तुम्ही मधे पडू नका."

"मी कुठे पडतोय? पडली ती पोरगी."

तीन दिवसांनी बेबीचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"ताई, तुझ्या मुलीने नाव मागे घेतलंय!"

'तुझ्या मुलीने' हे ऐकून बाईंना आधी बरंच वाटलं. हे वाटणं किती वाईट आहे ते दुसऱ्या क्षणी कळलं, पण आधी बरंच वाटलं.

"चिठ्ठी दिलीय तिने. थांब, वाचून दाखवते. 'माझ्या बाईंना माझ्यात चंचलपणा दिसतो. त्या माझ्याबाबतीत कधीच चुकलेल्या नाहीत. त्यामुळे ही जागा दुसऱ्या योग्य विद्यार्थ्याला द्यावी.' काय लिहिलंस तू त्या फॉर्मवर?"

"शेरा."

"कसला शेरा? अगं, सकाळी सातला प्रयोगशाळेत हजर असते पोरगी. कुलूप उघडायच्या आधी दारात उभी. चंचल?"

"तुला काय माहीत? मी चार वर्षं ओळखते तिला. तू चार आठवडे."

"म्हणून तर विचारतेय! तुला माहीत असणार काहीतरी, असं सगळे धरून चाललेत. गुरुवारी समिती बसतेय. दुसऱ्या नंबरच्या मुलाला जागा देऊन टाकणार. तिचं काय होणार, विचार केलायस? बाकी कुठल्याच कामाच्या जागा उरलेल्या नाहीत. घरी जाऊन आईबरोबर कपडे शिवेल, दुसरं काय."

बाईंनी फोन ठेवला. या वेळी त्या कपाटाकडे गेल्या नाहीत. तिथेच बसून राहिल्या.

"जिंकलीस की," नवरा म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने उठून चहा टाकायला गेला.

गुरुवारी विभागप्रमुखांच्या खोलीत टेबलाभोवती चार माणसं होती: विभागप्रमुख, बेबी, टिपणं घेणारा देणगी विभागाचा कारकून आणि न बोलावता आलेल्या बाई. बाहेर बाकावर मुलगी बसली होती. तिला नाव मागे घेतल्याच्या कागदावर सही करायला बोलावलं होतं.

"तिला आत बोलवा," बाई म्हणाल्या. "मी एकदाच सांगणार आहे."

मुलगी आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. वही छातीशी धरलेली.

विभागप्रमुख अदबीने म्हणाले, "बाई, तुमचा शेरा आम्ही गंभीरपणे घेतला. चार वर्षांत तुम्ही तिला जवळून पाहिलंय. पण ती चंचल आहे ते नेमकं कशावरून म्हणालात, ते कळलं तर बरं होईल."

"ती माझ्या बहिणीला मावशी म्हणाली, त्यावरून."

कारकुनाचं पेन थांबलं. "हे... लिहून घेऊ?"

"घ्या. जसंच्या तसं घ्या." बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ होता. "मुलगी चंचल नाही. तिच्याइतकी एका जागी टिकून बसणारी मुलगी माझ्या वर्गात कधी आली नाही. मला बहिणीचा हेवा वाटला. तिचं सगळंच मोठं. त्यात माझ्याकडे ही एक होती, तीही निघाली तिच्याकडे. म्हणून मी ते लिहिलं."

"आणि ते बुरशीचं?" मुलगी भिंतीपासून हळूच म्हणाली.

"कुठलं बुरशीचं?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"मी बुरशी सोडून पाण्यावर आले ते."

"अगं, ते तर मीच सांगितलं तुला!" विभागप्रमुख म्हणाले. "बुरशीच्या खोलीतलं यंत्र बंद पडलं होतं म्हणून."

"खोडून टाक ते वहीतलं," बाई म्हणाल्या. "तेही मी तोंडाला येईल ते सांगितलं होतं. तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं."

मुलीने वही उघडली नाही. तिचं नाक लाल झालं होतं. "मी आईला सांगितलं, बाई," ती म्हणाली. "मी चंचल आहे म्हणून. आई म्हणाली, तुझ्या बाई म्हणतात तर असशील."

"आईला सांग, बाई चुकल्या. नाहीतर मी येऊन सांगते."

"मी सांगेन," मुलगी म्हणाली. माफ केलं किंवा नाही केलं, असलं काही ती बोलली नाही. बाईंनीही विचारलं नाही.

पुढचं काम पाच मिनिटांत झालं. नाव मागे घेतल्याचा कागद विभागप्रमुखांनी फाडला, शेऱ्यावर आडवी रेघ मारून बाईंनी तिथे सही केली, आणि तीन वर्षांची जागा मुलीला मिळाली. विभागप्रमुख तिला नवी यंत्रं दाखवायला घेऊन निघाले. दारात ती थांबली.

"बाई, आभाराचं पत्र यंदापासून मावशींना जाईल. नियमच आहे तसा."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. त्यांना ते माहीत नव्हतं. हा विचार त्यांनी केलाच नव्हता, आणि आता तो दातात खडा यावा तसा लागला.

खोलीत दोघी बहिणी आणि कागद लावत बसलेला कारकून उरले. बेबीने पर्स उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"एका मावशीवरून, ताई?"

"हसू नकोस."

"हसत नाहीये. मीच म्हणायला लावलं तिला. सारखं मॅडम मॅडम करत होती, मला वाटायचं, प्रयोगशाळेतल्यासारखी बिलाचीच भानगड निघालीय काहीतरी. म्हटलं, मावशी म्हण."

"चार वर्षांत मला नाही सुचलं ते."

"तू बाईच आहेस, ताई. मलाही तू बहीण कमी आणि बाईच जास्त होतीस. कविता पाठ झाल्याशिवाय खेळायला सोडायची नाहीस." बेबी उठली. जाताना थांबून म्हणाली, "तिचं पत्र आलं की तुझ्याकडे पाठवू का तपासायला?"

"काही नको. तुझं तू वाच," बाई म्हणाल्या. बेबी खरोखरच न पाठवण्याची शक्यता आहे हे लगेच लक्षात येऊन त्या आणखी चिडल्या. कॉरिडॉरमधून बेबीच्या टाचांचा आवाज यंत्रांच्या खोलीकडे गेला. मग तिकडून दोघींचं बोलणं ऐकू यायला लागलं, आणि मधेच मुलीचा आनंदाचा चीत्कार. बाईंच्या पोटात पुन्हा दुखलं. खरं बोललं की हे दुखणं थांबेल असा त्यांचा समज होता. ते काही थांबलं नाही.

कारकून खाकरला. "बाई, एक विचारायचं होतं. तुमची यंदाची देणगी आता मोकळी झाली. कशाला लावू? विद्यार्थी, शिक्षक की उपक्रम?"

"विद्यार्थी नको," बाई पटकन म्हणाल्या.

"मग शिक्षक? एक आहेत बघा. पहिल्या वर्षाला येतात त्यातल्या बऱ्याच मुलांचं गणित कच्चं असतं. लाजेने सांगत नाहीत, आणि सहा महिन्यांत सोडून जातात. त्यांच्यासाठी हे सर शनिवारी तळमजल्यावर वर्ग घेतात. गेल्या वर्षापासून त्यांचं मानधन बंद झालं, तरी घेतात. पुढच्या सहामाहीपासून नाही जमणार म्हणतात. त्यांच्या नावापुढे अजून कुणी खूण केलेली नाही. तिथे फोटो काढण्यासारखं काही नसतं ना."

"मुलं किती?"

"चाळीसेक. बाकं पंचवीस."

"फळा?"

"आहे. अर्ध्यावर उमटतं, अर्ध्यावर नाही."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि फॉर्म हातात घेतला. चाळीस मुलं, लाजेने न विचारणारी. त्यांना पाढ्यांपासून न्यायला लागणार. अपूर्णांक तर हमखास कच्चे असणार. त्यांनी कारकुनाचं पेन घेतलं आणि चौकटीवर नेऊन मधेच थांबवलं. यंत्रांच्या खोलीतून बेबीचं मोठ्याने हसणं आलं.

"हे माझ्या बहिणीला दाखवलंय का तुम्ही?"

"नाही, अजून नाही. संध्याकाळी यादी घेऊन जाणार होतो त्यांच्याकडे."

"आता नका जाऊ," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी घाईघाईने खूण केली.